जुन्या दप्तरात पूर्वज शोधताना पेशाचा रकाना आधी वाचा

एका घरातले तीन कागद आमच्यासमोर आहेत. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'मुस्लिम मन्सुरी' असे लिहिले आहे. तिच्या पणजोबांच्या मृत्यूची १९५२ सालची नोंद मराठीत आहे, तिच्यात 'पिंजारी' हा शब्द आहे. आणि तिचे आजोबा लहानपणी शाळेत दाखल झाले तेव्हाच्या उर्दू रजिस्टरात कौम या रकान्यात नुसते 'मुसलमान', तर वालिदचा पेशा या रकान्यात 'नद्दाफ' अशी नोंद आहे. घर एक, खानदान एक, धंदाही एकच, कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्याचा. परंतु जात पडताळणीच्या टेबलावर हे कागद गेले तेव्हा तेथे तीन निरनिराळ्या जाती दिसल्या आणि मुलीचा प्रवेश अडकून पडला.

हे कुटुंब आमच्या परिचयाचे आहे. मुलीच्या वडिलांचे गादीचे दुकान आहे. त्यांच्याबरोबर काही महिने आम्ही निरनिराळ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो, बांधलेली रुमाले सोडवून पाहिली, उर्दू व मोडी वाचणाऱ्या बुजुर्गांच्या घरी बसलो. त्यातून जे शिकलो ते आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांपुढे ठेवत आहोत. नावे अर्थातच बदलली आहेत. व्यापाराच्या पानावर वंशावळीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की जुन्या सरकारी दप्तरात आपल्या वाडवडिलांची ओळख त्यांच्या धंद्यानेच नोंदली गेली आहे. सरकारला त्यांच्याकडून कर घ्यायचा होता, आणि कर धंद्यावर होता. तेव्हा हा विषय बाजाराचाच आहे.

प्रथम नावाची अडचण पाहू. शेख चाँद, शेख अहमद, शेख इमाम, सय्यद हुसेन ही नावे आमच्या शहरात प्रत्येक मोहल्ल्यात चार-चार सापडतील. आडनाव लावण्याची पद्धत तेव्हा नव्हती. 'शेख' हा शब्द नावाआधी लागला म्हणून खानदान कळत नाही. निजामी कचेरीतला अहलकार हे जाणून होता. म्हणून तो माणसाची ओळख चार खुंट्यांवर बांधत असे : नाव, वल्दियत, सकूनत आणि पेशा. 'शेख चाँद वल्द शेख अहमद, पेशा नद्दाफी, साकिन नवाबपुरा.' वल्द म्हणजे मुलगा, साकिन म्हणजे राहणार. मराठी कुलकर्ण्याने हेच मोडीत लिहिले तर तो 'वल्द'च्या जागी बहुधा 'बिन' लिही आणि नावाच्या शेवटी धंदा जोडी : 'चांदभाई बिन अहमदभाई पिंजारी'. या चारांपैकी नाव आणि बापाचे नाव दुसऱ्याशी सहज जुळते. मोहल्लाही जुळू शकतो. एकाच मोहल्ल्यातले एकाच नावाचे दोघे वेगळे करायचे तर बहुतेक वेळा पेशाच कामी येतो.

यात आज एवढे काय अडले आहे, तेही सांगितले पाहिजे. १९८० च्या मंडल अहवालाने हिंदूखेरीज इतर धर्मीयांतील मागासवर्ग ओळखण्यासाठी ज्या कसोट्या ठेवल्या, त्यांत वंशपरंपरागत धंद्याच्या नावाने ओळखला जाणारा आणि ज्याच्यासारखा हिंदू समाज मागासवर्गात आहे असा गट, ही एक कसोटी होती. डिसेंबर १९९४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुस्लिम समाजातील अनेक व्यावसायिक जातींना इतर मागासवर्गाच्या सवलतींचा मार्ग मोकळा केला. २००१ च्या कायद्याने जातीच्या दाखल्यांची पडताळणी बांधून दिली. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आनंद खटल्यात, तो आदिवासी दाव्याचा होता तरी, स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदांना अधिक वजन असते असे स्पष्ट केले. म्हणजे ज्या कागदावर मुसलमान, शेख एवढेच आहे तो कमी पडतो. ज्यावर नद्दाफ, कस्साब, बागबान असा शब्द आहे तो सोन्यासारखा. आणि हा शब्द कौमच्या रकान्यात नसतो, शेजारच्या रकान्यात असतो. अनेक कुटुंबे कौमचा रकाना पाहून रजिस्टर मिटतात आणि 'आमचे काही निघाले नाही' म्हणून घरी परततात.

कुणबी नोंदींचा शोध वाचकांच्या आठवणीत असेलच. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे तपासली जाऊ लागली. कुणबी या शब्दाचा मूळ अर्थच शेती करणारा. म्हणजे धंद्याच्या एका शब्दावरून पूर्वजाची ओळख पटवण्याचा हा अलीकडचा सर्वांत मोठा प्रयत्न होय. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला. त्या वादाच्या राजकारणात आम्हाला शिरायचे नाही. आम्हाला त्यातून घेण्यासारखे आहे ते असे की कोठकोठली दप्तरे उघडायची असतात हे सर्वांना कळले. महसूल आणि शाळा तर होत्याच. त्यांच्याबरोबर दुय्यम निबंधकाकडची जुनी खते, उत्पादन शुल्क खात्याचे परवाने, पोलीस व तुरुंगाची रजिस्टरे आणि वक्फकडचे मुंतखबही तपासण्याच्या यादीत होते. तुरुंगाच्या रजिस्टरात आजोबा सापडले तर संकोच वाटून घेऊ नये. ताडीच्या तंट्यात एक रात्र आत गेलेल्या माणसाचे नाव, बापाचे नाव, वय आणि पेशा तेथे जितका काळजीने लिहिलेला असेल तितका लग्नपत्रिकेवरही नसतो.

आता शब्दांकडे येऊ. येथे थोडा वेळ थांबावे लागेल, कारण खरी चूक येथेच होते. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात कचेरीची फारसी जाऊन उर्दू आली, पण धंद्यांची नावे फारसी-अरबीच राहिली. गावचे दप्तर मात्र मराठीत, मोडी लिपीत. त्यामुळे एकाच माणसाचा धंदा दोन भाषांत दोन नावांनी येतो. पिंजारी तो नद्दाफ. आजचा मन्सुरी तोच. विणकर हा जुलाहा, नूरबाफ किंवा बाफिंदा म्हणून येतो आणि आज स्वतःस मोमिन किंवा अन्सारी म्हणवतो. आमच्या शहराचे नाव ज्या कापडाने गाजले तो हिमरू विणणारा हिमरूबाफ, आणि मशरू विणणारा मशरूबाफ. मांसविक्री करणारा कस्साब, आज कुरेशी. पखालीने पाणी भरणारा भिस्ती हा उर्दूत सक्का आणि मराठीत पखाली. शिंपी तो खय्यात किंवा दर्जी. न्हावी तो हज्जाम. सुतार नज्जार, लोहार आहंगर, घोड्याला नाल मारणारा नालबंद, हत्यारांना पाणी देणारा सैकलगर, म्हणजे आपला शिकलगार. तेली हा रोगनगर. बांगड्या विकणारा मणियार हा चुडीफरोश. गवंडी मेमार, पाथरवट संगतराश, भाकरी-नान भाजणारा नानबाई, रंगारी रंगरेज. ही सगळी माणसे आपल्याच गल्लीतली आहेत. फक्त कागदावर ती परक्या पोशाखात उभी आहेत.

उलट बाजूने होणारी फसगत अधिक वाईट. मराठी कारकुनाने मुस्लिम दर्जीस 'शिंपी' लिहिले, विणकरास 'साळी' लिहिले, तर ती हिंदू जातींची नावे होतात आणि वाचणारा गोंधळतो. 'खाटीक' या शब्दाची तर विशेष काळजी घ्यावी. महाराष्ट्रात हिंदू खाटीक अनुसूचित जातीत मोडतो, तर मुस्लिम कसाई-कुरेशी यांची गणना इतर मागासवर्गात होते. जुन्या मराठी कागदात 'खाटीक' दिसताच उड्या मारू नयेत. व्यक्तीचे नाव व वल्दियत पाहावी आणि दावा आपल्या वर्गातच करावा. 'मुलाणी' हा पुन्हा निराळा. तो गावगाड्यातला हक्कदार, अनेक गावांच्या बलुतेदारांत त्याचे नाव येते, आणि गावात जनावर हलाल करण्याचे काम त्याचे. म्हणून मुलाणी व कस्साब एकच असे धरून चालू नये. बागबान हा शब्द फारसीत माळ्याचा आहे. भाजी-फळांचा व्यापार करणारा आपला बागवान त्यात आहे, पण सरकारी बागेत चाकरीस असलेला हिंदू माळीही त्याच शब्दाने लिहिला गेला असेल. अत्तार म्हणजे केवळ अत्तरवाला नव्हे. औषधी, मसाला, सुगंधी माल विकणारा तो अत्तार.

आणि काही शब्द असे की त्यांच्यापासून काहीच सिद्ध होत नाही. मजदूर, मुलाजिम, तिजारत, काश्तकार. हे शब्द त्या दिवशीची कमाई सांगतात, घराण्याचा धंदा सांगत नाहीत. आमच्या शहरात १८८९ मध्ये सूतगिरणी व कापडगिरणी उभी राहिली, शेकडो हात तेथे लागले. १९०० साली गोदावरी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली, जिनिंगचे कारखाने आले. ज्या घरात बाप नूरबाफ होता त्या घरात मुलगा मिलचा मजदूर झाला. म्हणून पेशा शोधताना एक पिढी मागे जावे. मुलाच्या नोंदीत न सापडलेला शब्द बापाच्या नोंदीत सापडतो. हातमाग मोडण्याची किंमत कारागिराने एकदा भाकरीत मोजली आणि त्याचे नातू ती दुसऱ्यांदा कागदात मोजत आहेत, असे आम्हाला अनेकदा वाटले.

दप्तरे कोठे पाहावीत, ते थोडक्यात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर सर्वांत उपयोगी, कारण त्यात बापाचा पेशा वेगळा लिहिलेला असतो. जन्म-मृत्यूची नोंद गावात असल्यास गाव नमुना चौदा व कोतवाल बुक, शहरात असल्यास नगरपालिकेचे जुने रजिस्टर. जमीन असलेल्यांनी १९५४-५५ चे खासरा पत्रक, त्याआधीचे पाहणी पत्रक आणि सेतवार पाहावे. घर किंवा दुकान घेतले-दिले असेल तर दुय्यम निबंधकाकडील खरेदीखत, भाडेचिठ्ठी, गहाणखत. दर्गा, मशीद, कब्रस्तान यांच्या सेवेत घराणे असेल, मुजावर, खतीब, मुल्ला असेल, तर मुंतखब. त्यात इनाम कोणाला, कोणत्या सेवेसाठी, वारस कोण, हिस्सा किती, हे सारे असते. वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय आपल्याच शहरात पाणचक्कीला आहे, ही सोय इतर जिल्ह्यांतल्या भावांना नाही. काझींकडील निकाहाचे सियाहे हे आणखी एक भांडार, पण तेथे मान राखून, बुजुर्गांना बरोबर घेऊन जावे. छावणीजवळ राहणाऱ्या घराण्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी होत्या, आणि पलटणीमागे भिस्ती, साईस, नालबंद, दर्जी यांची वस्ती असे. अशा घराण्याचे मूळ गाव मराठवाड्याबाहेरही निघू शकते.

त्याहून मागे जायचे असल्यास मोहतर्फा हा शब्द शिकून घ्यावा. मराठ्यांच्या आणि निजामाच्या मुलुखात शेतसाऱ्याखेरीज कारागीर व दुकानदारांकडून जो कर घेत त्याचे हे नाव. मागावर, घाण्यावर, दुकानावर तो बसे. त्यामुळे मोहतर्फ्याच्या यादीत साळी, कोष्टी, मोमिन, तेली, तांबोळी, पिंजारी, अत्तार ओळीने उभे असतात. ज्याच्याकडे इनाम नव्हते, जमीन नव्हती, अशा गरीब कारागिराचे नाव दुसऱ्या कोणत्या कागदात येणार? कर भरला म्हणून तो इतिहासात राहिला. मोगल काळाचे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. दख्खनच्या मोगली कारभाराचे ठाणे औरंगाबाद असल्याने शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातले हजारो फारसी कागद तेथे गेले. त्यांतल्या 'अर्ज-ओ-चेहरा' या हजेरीपत्रकांत शिपायाचे नाव, बापाचे नाव, वंश, राहण्याचे ठिकाण, अगदी चेहऱ्यावरचा व्रणही नोंदलेला असतो. तेथवर पोहोचणारे कुटुंब विरळा, आणि पडताळणीसाठी त्याची गरजही नाही. पण ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर जावे.

शोधताना गावाचे व जिल्ह्याचे नाव जुने घ्यावे. आपल्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, परंतु दप्तरांच्या पाठीवर औरंगाबाद असेच आहे आणि ते तसेच राहणार. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्यापूर्वीचा जालन्याचा कागद औरंगाबाद जिल्ह्यात पाहावा लागतो. आमच्या एका स्नेह्याने जालन्यात दोन उन्हाळे घालवले. त्यांचा कागद येथे त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

सालाचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. निजामी कागदावर फसली साल असते, कधी जोडीला हिजरी. फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून सुरू होई. त्यात ५९० मिळवले की वर्षाच्या सुरुवातीचे इसवी साल येते, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. पोलीस ॲक्शन याच सालात, अखेरीस झाली. त्या वेळी हिजरी १३६७ चालू होते. दोहोंत दहा वर्षांचे अंतर. हिजरी साल फसली समजून हिशेब केला की आजोबांचा जन्म दहा वर्षे पुढे सरकतो आणि ते बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेले ठरतात. हे विनोदाने लिहिलेले नाही, एका प्रकरणात प्रत्यक्ष घडलेले आहे.

आता त्या गादीवाल्यांच्या प्रकरणाकडे परत येऊ. पणजोबांचे नाव शेख चाँद धरू, त्यांच्या बापाचे शेख अहमद, मोहल्ला नवाबपुरा. शोधात चार कागद हाती आले. पहिला, १३४८ फसलीचे, म्हणजे १९३८-३९ चे शाळेचे रजिस्टर : शेख इब्राहीम वल्द शेख चाँद, कौम मुसलमान, वालिदचा पेशा नद्दाफ, साकिन नवाबपुरा. दुसरा, १३३५ फसलीचे, म्हणजे १९२५-२६ चे घराचे खरेदीखत : शेख चाँद वल्द शेख अहमद, पेशा तिजारत, तेच ठिकाण. तिसरा, १९५४-५५ चे पैठण तालुक्यातल्या एका गावचे खासरा पत्रक, त्यातही शेख चाँद वल्द शेख अहमद, स्वतः जमीन कसणारा. चौथा, १९५२ ची मृत्यूनोंद : चांदभाई पिंजारी, बापाचे नाव नाही.

घरच्यांना तिसरा कागद फार आवडला. जमीन निघाली म्हणून कोणाला आनंद होणार नाही? परंतु तो आपला माणूस नव्हता. केवळ १९५२ चा मृत्यू दाखवून ते ठरत नाही, कारण मयताचे नाव जमिनीच्या कागदावर वर्षानुवर्षे तसेच राहते. म्हणून त्या गटाचे पुढचे फेरफार काढले. वारस म्हणून जी मुले लागली त्यांत इब्राहीम नव्हता, आणि नावे सगळी परकी. तो शेख चाँद शेतकरीच होता, पिंजण त्याच्या हाती कधी नव्हती. असा कागद मोहाने जोडला असता तर पडताळणीत तोच आपल्याविरुद्ध बोलला असता : नद्दाफ की काश्तकार, काय ते सांगा.

दुसऱ्या कागदातल्या 'तिजारत' या शब्दाने आम्हाला बरेच दिवस अडवून ठेवले. नद्दाफ आणि तिजारत एकच माणूस कसा? उत्तर खताच्या चतुःसीमेत होते. पूर्वेस रस्ता, उत्तरेस एका नद्दाफाचे घर, दक्षिणेस मशिदीची भिंत. ती भिंत आजही आहे आणि कुटुंब आजही त्याच घरात राहते. नगर भूमापनाच्या उताऱ्यावर १९७० च्या दशकात आजोबा इब्राहीम यांचे नाव वारसाने लागलेले आहे. म्हणजे खरेदी करणारा शेख चाँद हाच इब्राहीमचा बाप. घर घेण्याइतका पैसा गाठी आला तेव्हा पिंजारी स्वतःस व्यापारी म्हणवू लागला, यात नवल ते काय. आपणही बँकेच्या अर्जावर तेच करतो. चौथ्या कागदाला बापाचे नाव नव्हते, पण मृत्यूच्या ठिकाणी जो घर क्रमांक लिहिला होता तो त्याच घराचा निघाला. अशा रीतीने नद्दाफ, तिजारत आणि पिंजारी हे तीन शब्द एका उंबरठ्याशी येऊन मिळाले.

येथे एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. पेशाने माणूस वेगळा करता येतो, पण केवळ पेशा जुळला म्हणून नाते जुळत नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवणारे कागजी आहेत, जुन्नरलाही कागदाचा धंदा होता. दोन्हीकडचे कागजी म्हणून ते एका आजोबाची लेकरे होत नाहीत. मालेगाव-भिवंडीच्या मोमिनांपैकी अनेक घराणी १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून आली, त्यांचा धागा पैठणच्या विणकरांत शोधणे व्यर्थ. दुसऱ्याच्या पूर्वजाचा कागद आपल्या वंशावळीस जोडणारे दलाल बाजारात फिरत आहेत. त्यांच्यापासून दूर राहावे. वंशावळ शपथपत्रावर द्यायची असते, खोटी निघाली तर गुन्हा होतो, आणि शिक्षा मुलाला मिळालेल्या जागेपासून सुरू होते.

तशीच दुसरी गोष्ट खाडाखोडीची. शाळेच्या जुन्या रजिस्टरात 'मुसलमान' या शब्दापुढे निराळ्या शाईने, निराळ्या हाताने जातीचे नाव घातलेले आम्ही स्वतः पाहिले. ज्याने ते केले त्याला वाटले असेल की आपण कुटुंबाचे भले करत आहोत. परंतु दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहते, आणि अशी एक ओळ दिसली की त्या घराच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. रकाना कोरा असेल तर कोराच दाखवावा आणि शेजारचा पेशा दाखवावा. कोऱ्या रकान्याने दावा बुडत नाही.

कागद सापडल्यावर त्याची नुसती झेरॉक्स घेऊन येऊ नये. प्रमाणित नक्कल घ्यावी, आणि नक्कल पूर्ण पानाची घ्यावी, एका ओळीची नव्हे. वरचे-खालचे नाव, रकान्यांची शीर्षके, पानाचा क्रमांक, साल दिसले पाहिजे. 'नद्दाफ' हा शब्द कोणत्या रकान्यात आहे हेच तर सिद्ध करायचे आहे. उर्दू व मोडीचे भाषांतर जाणकाराकडून करून घ्यावे आणि त्यात मूळ शब्द तसाच ठेवून पुढे मराठी अर्थ द्यावा. आमच्या प्रकरणात पहिल्या भाषांतरकाराने 'नद्दाफ'चे 'कापूस कामगार' असे केले होते. अर्थ चुकला नव्हता, पण जातीच्या यादीत कापूस कामगार नावाची जात नाही. मूळ शब्द परत घातला, १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटियरचे आणि सय्यद सिराजुल हसन यांच्या १९२० सालच्या निजाम राज्यातील जाती-जमातींवरील ग्रंथाचे तपशील सोबत जोडले, शब्दांची एक लहान तुलनापत्रिका दिली, तेव्हा कोठे सुनावणी पुढे सरकली.

प्रमाणपत्र मिळाले. पण ते हाती आले तेव्हा मुलीच्या पसंतीच्या महाविद्यालयातली जागा गेली होती. तिला दुसऱ्या गावी जावे लागले. तिचे अब्बा म्हणतात, मुलगी नववीत होती तेव्हाच निघालो असतो तर. आम्हीही वाचकांना तेच सुचवतो. प्रवेशाच्या वर्षी शोध सुरू करणे म्हणजे ईदच्या आदल्या रात्री कापड दर्जीकडे नेण्यासारखे आहे.

सुरुवात कचेरीतून न करता घरातून करावी. जुन्या पेटीत उधारीची वही, घरपट्टीची पावती, मागाचा परवाना, दुकानाच्या भाड्याची चिठ्ठी, निकाहनामा जे असेल ते बाहेर काढावे, ऊन दाखवावे, मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आणि घरात वयाने मोठे जे कोणी हयात आहेत त्यांच्याशी बसावे. त्यांना 'आपली जात काय' असे विचारल्यास बहुतेकजण 'मुसलमान' एवढेच सांगतील, आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी विचारावे, दादा सकाळी काय घेऊन बाहेर पडत, आठवडी बाजार कोणता करत, माल कोठून येई, हत्याराला काय म्हणत, कोणाशी सोयरीक होत असे. त्या गादीवाल्यांच्या घरी फुफ्फीजाननी सांगितले की त्यांच्या लहानपणी माळ्यावर एक लांब धनुष्यासारखी वस्तू टांगलेली असे, तिला तात लावलेली, आणि मुलांनी हात लावला की मार बसे. ती पिंजण होती. दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेचे रजिस्टर उघडले आणि 'नद्दाफ' हा शब्द वाचता आला.